कोचबाईंची पैज

आर्व्हेला टॅकेटची पैज घ्यायची नाही असं सिल्व्हर स्पर कॅसिनोवाल्यांनी ठरवलं, त्या सकाळी मी तिच्या मागेच रांगेत उभी होते. कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचे बाउल सामने नुकतेच सुरू झाले होते. बाहेर हायवेवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारा ट्रक फिरत होता, आणि आत सोन्याच्या खाणीतून पाळी संपवून आलेली मंडळी बूटसुद्धा न काढता मोठ्या पडद्यांसमोर पाय पसरून बसली होती.

आर्व्हेलाने नोटा खिडकीतून आत सरकवल्या. "ओझार्क स्टेट. साडेसहा गुणांची सूट घेऊन."

खिडकीतल्या पोरीने काहीतरी टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा टाइप केलं. तिचे कान लाल झाले.

"मिसेस टॅकेट, मशीन घेत नाहीये. म्हणजे, पाच डॉलरपर्यंत घेतंय."

"का? सामना रद्द झाला?"

"नाही, सामना आहे. फक्त तुमच्या नावाला…"

"माझ्या नावाला काय झालं? लग्नापासून वापरतेय, अजून तरी कुठे फाटलं नाही."

रांगेतले हसले. पोरगी हसली नाही. तिने मागे वळून मॅनेजरला हाक मारली.

आमच्याकडे नुसतं कोण जिंकेल यावर पैज लावत नाहीत. दुबळा संघ असतो त्याला कॅसिनो आधीच काही गुण सूट म्हणून देतं, आणि ती सूट धरून वर कोण राहतं यावर सगळा खेळ. दिलेली सूट बरोबर आहे की कुठे चुकली आहे, हे ओळखता आलं पाहिजे. बाकी सगळे अंदाजपंचे. आर्व्हेलाला ते ओळखता यायचं. तिचा नवरा रॉइस टॅकेट आयुष्यभर कॉलेजांच्या संघांचा कोच होता, पुढच्या फळीतल्या दांडग्या पोरांना धक्के द्यायला शिकवणारा. दर दोन-तीन वर्षांनी नवं कॉलेज, नवं गाव, नवं स्वयंपाकघर. रविवारी तो दिवाणखान्याच्या भिंतीवर सामन्यांची फिल्म लावायचा आणि ही बटाटे सोलता सोलता बघायची. "आता काय होईल, सांग," असं तो विचारायचा. पहिली काही वर्षं तिचं चुकायचं. नंतर त्याचंही कधी कधी चुकायला लागलं, तिचं कमी.

बाउल सामन्यांचं तिला वेगळंच काहीतरी कळलं होतं. हे सामने मोसम संपल्यावर होतात, घरापासून लांब कुठल्या तरी गरम शहरात, आणि बहुतेकांतून ट्रॉफीपलीकडे काही मिळत नाही. एका डिसेंबरात रॉइसच्या संघाला असंच बोलावणं आलं होतं. सामन्याच्या आदल्या आठवड्यात मुख्य कोच जास्त पगारावर दुसरीकडे निघून गेला आणि बाकीच्या कोचना सांगितलं गेलं, आपापली सोय बघा. आर्व्हेला फ्लोरिडाच्या उन्हात स्टेडियममध्ये बसली होती. "पोरं सुतकात असल्यासारखी खेळत होती," ती सांगायची. "ऑक्टोबरात बघितलेला संघ तो नव्हताच. कपडे तेच होते."

रॉइस गेल्यावर ती आमच्या गावात मुलीकडे आली. मुलगी खाणीत तो घराएवढा ट्रक चालवते. आणि तीन हिवाळे ही बाई सिल्व्हर स्परच्या खिडकीवर शांतपणे पैजा लावत होती आणि हरण्यापेक्षा जिंकत जास्त होती. फार नाही, थोडंसंच. पण कॅसिनोला तेवढंही खुपतं.

मॅनेजर आला. किप लुंडग्रेन. तरुण, नीटनेटका, वर्षभरापूर्वी कंपनीने पाठवलेला. वाईट माणूस नव्हता. पण बोलायला लागला की वाटायचं, कुणीतरी लिहून दिलंय.

"मॅडम, हा खासगी धंदा आहे. कोणाची पैज किती घ्यायची ते आम्ही ठरवतो. कायद्यात बसतं ते."

"बसत असेल. मी कायदा विचारला नाही, कारण विचारलं."

"वरून आलंय."

आर्व्हेलाने छताकडे पाहिलं. "वर कोण राहतं?"

पुन्हा हशा. किपने आवाज खाली आणला. "मिसेस टॅकेट, आपण बाजूला जाऊन बोलू या का?"

"नको, इथे उजेड चांगला आहे. मला एवढंच सांगा. हा हार्लन माझ्या मागे उभा आहे. त्याने मागितली तर किती घ्याल?"

हार्लन पाइक म्हणजे गाड्या ओढून नेणारा आमचा टोइंगवाला. त्याने खिशातून हात काढला आणि स्वतःच उत्तर दिलं. "माझी कितीही घेतील, कोचबाई. माझ्यासाठी तर हे गालिचा अंथरतात. कारण मी हरतो."

आर्व्हेलाने नोटा परत घेतल्या, पर्समध्ये ठेवल्या, पर्सची चेन लावली आणि सगळ्या हॉलकडे तोंड करून उभी राहिली. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण मैदानावरच्या बँडपथकांच्या वर आवाज काढून आयुष्य गेलेलं.

"ऐका रे सगळे! माझी पैज हे घेत नाहीत, तर तुम्हाला फुकट सांगते. पिनॅकल युनिव्हर्सिटीचा मुख्य कोच गेल्या रविवारी पळाला. त्यांचे दोन चांगले गडी व्यावसायिक संघांत जायचंय म्हणून अंगाला खरचटू नये यासाठी खेळतच नाहीयेत. उरलेल्यांना मोठा बाउल हवा होता, मिळाला गाद्यांच्या कंपनीने भरवलेला. ते सुट्टीवर आलेत. ओझार्कवाल्यांना मात्र कैक वर्षांनी कुणीतरी बोलावलंय, अर्धं गाव बस करून आलंय. साडेसहा गुण घ्या. त्यांची गरजसुद्धा पडायची नाही."

मग ती पहिल्या ओळीत जाऊन बसली. हार्लन खिडकीपाशी गेला. त्याच्यामागे मी. माझ्यामागे पाळीवरून आलेली सगळी मंडळी.

ओझार्क स्टेट सरळच जिंकलं. गुणांची गरज खरंच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती चुकली, तेव्हाही तिथेच उठून म्हणाली, "हा माझा चुकला," आणि पुढच्या सामन्याकडे वळली. लोकांना ते जिंकण्याइतकंच आवडलं. ती खुर्चीतून उठायला लागली की सूट दाखवणाऱ्या फळ्यावरचे आकडे हलायचे. आठवडा सरता सरता किपने तिला बाहेर काढायचा हुकूम दिला.

हुकूम बजावायला टोन्यो आला. टोन्यो तिथला पहारेकरी, माझ्या खानावळीत रोज जेवणारा. बिचाऱ्याची मान वर होत नव्हती. "मिसेस टॅकेट, माफ करा. मला पगारच याचा मिळतो."

"मग पगाराचं काम नीट कर. हात धर माझा. बाहेर बर्फ आहे, मी पडले तर तुझ्यावर येईल."

त्याने हात धरला. दारापर्यंतच सोडायचं होतं, पण तिने काही हात सोडला नाही. कोट चढवून, टोपी नीट करून, लग्नात वधूला आणतात तशी त्याच्या हाताला धरून तिने हायवे ओलांडला आणि माझ्या दारात येऊन थांबली. सिल्व्हर स्परच्या काचांना नाकं लावून सगळे बघत होते.

"ग्रासियाना," ती म्हणाली, "तुझ्याकडे टीव्ही चालतो ना गं, पोरी?"

मी ग्रासियाना उगाल्डे. आमची खानावळ नवऱ्याच्या आजोबांनी मेंढपाळांसाठी काढलेली. लांब टेबलं, ओळखपाळख नसलेली माणसं शेजारी शेजारी, मधे सुपाचं पातेलं, आणि आधी पिकॉन नावाच्या कडवट दारूचा एक पेला घेतल्याशिवाय कोणी पावाला हात लावत नाही. टीव्ही होता. दुपारी बंद असायचा, कारण माझा नवरा बेन्यात याला जेवताना आवाज खपत नाही.

"आपण सूप विकतो," बेन्यात स्वयंपाकघरातून म्हणाला. "पैजा विकत नाही."

"मी काही विकत नाहीये," आर्व्हेला म्हणाली. "मी जेवणार आहे आणि बडबड करणार आहे. दोन्हीला बंदी असेल तर सांग."

त्याने तिच्यापुढे घेवड्याचा वाडगा जरा जोरातच आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझी टेबलं भरली. ती टोकाला बसायची, एका हातात पाव, आणि दिवसाचे सामने एकेक करून घ्यायची. लोकांना वाटायचं ती नावं सांगेल, आपण रस्ता ओलांडून पैज लावू, झालं. तसं नव्हतं. ती विचारायची. "या संघाला इथे यायचं होतं का? कोण घरी राहिलंय? कोण दुसऱ्या कॉलेजात निघालंय? कोच कोणाचा गेला?" कुणाला तरी भाचा त्या कॉलेजात शिकत असायचा, कुणी त्या गावच्या रेडिओवर काही ऐकलेलं असायचं. सगळं टेबलावर यायचं. आणि निम्म्या सामन्यांना ती हात हलवायची. "सूट बरोबर आहे. यात काही नाही. सोडा."

"सोडा म्हणजे?" हार्लन चिडायचा. "मग मी दुपारभर करू काय?"

"बायकोला फोन कर."

"ती घेत नाही."

"मग तिचं बरोबर आहे. तोही सामना सोड."

किप एकदाच आला, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. त्याने टोपी काढून हातात धरली. हिवाळ्यात कॅसिनो आपल्या पाहुण्यांना जेवणाची कुपनं देतं आणि बसने येणारी ती माणसं माझ्याकडे जेवतात. जानेवारी-फेब्रुवारीत माझी चूल बऱ्यापैकी त्यांच्यावर चालते. किपने ते सगळं मला समजावून सांगितलं, जणू मला माहीत नव्हतं. मग म्हणाला, "मिसेस उगाल्डे, कंपनीला हे बरं दिसत नाहीये. त्या बाई इथे बसत राहिल्या तर कुपनांचा विचार करावा लागेल. तुम्ही चांगली माणसं आहात. तुम्ही सूप विकता, सूपच विका ना."

खोटं कशाला सांगू, मी हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात बेन्यात सुपाचा डाव हातात घेऊन बाहेर आला.

"काय म्हणालास?"

"मी म्हटलं, सूप विका…"

"ते मी म्हणायचं. माझ्या बायकोला, माझ्या घरात, मी. तू कोण? माझ्या टेबलावर कोणी बसायचं ते माझ्या आजोबांना शेरीफसुद्धा सांगू शकला नाही. कुपनं आहेत ना? गादीखाली घालून झोप त्यांच्यावर."

किप गेला. बेन्यात माझ्याकडे वळून म्हणाला, "आता करायचं काय?"

"आता कसं विचारतोस?"

"आधी राग आला, विचार आता आला."

आम्ही दोघं हसलो, पण ते हसणं लांबलं नाही. कुपनं त्याच आठवड्यात बंद झाली. बस यायची, माणसं उतरायची आणि समोर कॅसिनोच्याच काउंटरवर बर्गर खायची. मी मेंढीचं मटण निम्मं मागवायला लागले. आर्व्हेलाच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मी घरी बसते. मुलीकडेही टीव्ही आहे."

"बसून दाखवा," मी म्हटलं. "मी येऊन ओढत आणीन."

वर्षाच्या शेवटी खेळ मोठा व्हायला लागला. आधी लोक गंमत म्हणून लावत होते. आता त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वेगळं आलं. नव्या वर्षाच्या सकाळी हार्लन येऊन तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "कोचबाई, आज एकच नाव द्या. खात्रीचं. मी ट्रक गहाण टाकतोय."

आर्व्हेलाने हातातला पाव खाली ठेवला.

"कुठला ट्रक? तुझा टोइंगचा?"

"दुसरा आहे का माझ्याकडे?"

"मग तू इथे बसला आहेस तोवर मी तोंड उघडणार नाही."

"असं कसं? किपशी भांडलात ते याचसाठी ना, पैज लावायचा हक्क सगळ्यांना सारखा? मग माझा हक्क?"

"हक्क आहे ना. जा, समोर जा, ते तुझी घेतील, सगळीच्या सगळी घेतील. पण माझ्या तोंडून निघालेल्या नावावर नाही. माझ्याकडे खात्रीचं नाव कधी नव्हतं, हार्लन. रॉइसकडेही नव्हतं, आणि तो त्या पोरांना रोज आंघोळीनंतर बघायचा. तुला खात्री विकणारा कोणी भेटला तर त्याच्या तोंडावर दार आपट. मी जरी असले तरी."

हार्लन उठला, दारापर्यंत गेला, परत आला. किल्ली काढून टेबलावर माझ्यापुढे टाकली. "ठेव गं तुझ्याकडे. माझा भरवसा नाही."

त्यानंतर तिने त्या दिवसाचं सांगितलं. ब्राझोस टेक विरुद्ध कॅडो व्हॅली. ब्राझोसला भारी मानत होते आणि कॅडोला नऊ गुणांची सूट होती. ब्राझोसचा नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, व्यावसायिक संघात जायचं म्हणून घरी बसला होता. त्याच्या जागी खेळणारा दुसऱ्या कॉलेजात निघून गेला होता. उरला होता मॅब्री नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा, कधीच सुरुवातीपासून न खेळलेला. "नऊ गुण फार आहेत," आर्व्हेला म्हणाली. "कॅडो घ्या. झेपेल तेवढंच." आणि सगळ्यांनी घेतलं. खिडकीतल्या पोरीने नंतर मला सांगितलं, तिने दिवसभर दुसऱ्या संघाचं नावच ऐकलं नाही.

त्या मॅब्रीने काय खेळावं! पहिल्याच फेकीत त्याने चेंडू असा लांब टाकला की आमच्यातला एकजण हातातला पेला तसाच धरून उभा राहिला. फळी मोडली की तो पळायचा, पळता पळता फेकायचा, पाडला की हसत उठायचा. मध्यंतरापर्यंत नऊ गुण कुठल्या कुठे वाहून गेले. शेवटी शेवटी माझ्या खानावळीत चमच्यांचासुद्धा आवाज येत नव्हता. रस्त्यापलीकडे सिल्व्हर स्परमध्ये मात्र कुणीतरी संगीत मोठं केलं होतं.

सामना संपला. खाणीतला एक दाढीवाला गडी उठला आणि ओरडला, "आता काय सांगताय, बाई? ऊठसूट ज्ञान पाजळत होतात!"

"बस रे खाली," टोन्यो म्हणाला. त्यानेही लावली होती.

"नको, उभा राहू दे," आर्व्हेला म्हणाली आणि स्वतःही उभी राहिली. "माझं चुकलं. कोण कोण नाहीये ते सगळं मी बघितलं. जो आहे त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या पोराची एक फिल्म बघितली असती तर कळलं असतं. माझ्यावर राग काढायचा असेल तर काढा, मी इथेच आहे. उद्याही असेन." मग ती टीव्हीकडे वळली. पडद्यावर मॅब्रीला त्याची आई मिठी मारत होती, त्याचं हेल्मेट तिच्या हनुवटीला लागत होतं. आर्व्हेलाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीच. जोरजोरात, मैदानात बसल्यासारख्या. "शाबास रे पोरा!" ती म्हणाली. "शाबास!"

दाढीवाला बघत राहिला. मग बेन्यातने डाव खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, ज्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मग हार्लनने. काहीजण तसेच उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत. तेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी किप आला. या वेळी टोपी डोक्यावरच होती आणि चेहरा उजळलेला.

"मिसेस टॅकेट, आनंदाची बातमी. कंपनीने तुमच्यावरची मर्यादा उठवली. देशाच्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्यावर हवी तेवढी पैज लावा. तुमच्यासाठी पहिल्या ओळीत जागा राखलीय, जेवण आमच्याकडून."

"का बरं?"

"म्हणजे?"

"काल सकाळी मी नको होते. आज हवी आहे. काल आणि आजमध्ये काय झालं, तेवढं या सगळ्यांसमोर म्हणा."

किपचा चेहरा पडला. "मॅडम, मी तुमचं भलंच…"

"मी म्हणते मग. मी हरले. हरले म्हणून मी आता तुमची लाडकी. परत जिंकायला लागले की पुन्हा टोन्योच्या हाताला धरून बर्फात. असंच ना?"

"मी नोकरी करतो हो," किप म्हणाला, आणि पहिल्यांदाच ते त्याचं स्वतःचं वाक्य वाटलं. "मला वरून जे येतं…"

"माहीत आहे, बाळा. रॉइसलाही वरूनच यायचं. म्हणून तुझ्यावर राग नाही. पण वर जाऊन सांग. हार्लनची जेवढी घेता तेवढीच माझी घ्यायची, मी जिंकले तरी, हरले तरी. ते जमत असेल तर येते. नाहीतर तुमचं जेवणही नको आणि ती खुर्चीही नको. माझी खुर्ची ही आहे, पाठीला टोचते, पण इथून मला कोणी उठवत नाही."

"तसं लिहून देता येणार नाही."

"मग सूप पिऊन जा. गार होतंय."

आणि गंमत म्हणजे किपने बसून सूप प्यायलं. बेन्यातने त्याच्याकडून पूर्ण पैसे घेतले.

अंतिम सामन्याच्या दिवशी आम्ही घाटापलीकडच्या गावाला गेलो. तिथे योकम नावाच्या म्हाताऱ्याचं बेताचं कॅसिनो आहे, थोडी मशीनं आणि एक खिडकी. त्याची मर्यादा छोटी, पण सगळ्यांना सारखी. जिंकणाऱ्यालाही तीच, हरणाऱ्यालाही तीच. हार्लनने किल्ली माझ्याकडून परत घेतली आणि आम्ही त्याच्या टोइंग ट्रकच्या मागे माझ्या व्हॅनमध्ये निघालो, कारण घाटात बर्फ होता आणि अडकलो तर ओढायला तोच लागणार होता. आर्व्हेला पुढे बसली होती. आठवडाभर तिने त्या सामन्याचा अभ्यास केला होता. सकाळी माझ्याकडे कॉफी पिताना म्हणाली होती, दुबळ्या मानलेल्या संघाला सहा गुण मिळतायत, सहा असतील तर घ्यायचे, डोळे मिटून.

योकमकडे पोहोचलो. फळ्यावर साडेतीन होते. वाटेत असतानाच देशभरातून पैसा त्या बाजूला वळला होता आणि सूट आटली होती.

आर्व्हेला फळ्यासमोर उभी राहिली. पर्स हातात. योकम खिडकीतून चष्म्यावरून बघत होता. "काय घेणार, ताई?"

"काही नाही," ती म्हणाली.

हार्लनने आ वासला. "काही नाही? कोचबाई, मी घाटात दोनदा घसरलो!"

"सहाला हो होतं. साडेतीनला नाही. आता सूट बरोबर आहे."

"पण इथे घेतायत ना तुमची! त्यासाठीच आलो! लावा थोडी तरी, त्या किपच्या नाकावर टिच्चून!"

"किपचं नाक इथे नाहीये." ती कोट काढायला लागली. "आणि त्याला दाखवायला म्हणून चुकीची पैज लावली तर ती पैज त्याचीच झाली की. तिकडे नाही म्हणणारे ते होते. इथे मी आहे. मला हे नाही आवडलं."

योकम हसला. म्हणाला, इतकी वर्षं खिडकीत बसलोय, घाट ओलांडून नाही म्हणायला आलेलं गिऱ्हाईक पहिलंच. त्याने आम्हा सगळ्यांना कॉफी दिली आणि तिच्यासाठी पडद्यासमोरची खुर्ची ओढली. हार्लनने मात्र लावली, थोडीशी, तिने सोडलेल्या त्याच संघावर, साडेतीन गुण घेऊन.

सामना आम्ही पाहिला. असा सामना मी आधी कधी पाहिला नव्हता, कारण पहिल्यांदाच माझे पैसे त्यात नव्हते आणि शेजारी आर्व्हेला होती. ती चेंडूकडे बघतच नव्हती. पुढच्या फळीकडे बोट दाखवायची. "तो चौसष्ट नंबरचा बघ. पायाला लागलंय, सांगत नाहीये कुणाला. आता त्याच्या बाजूने जातील." आणि जायचे. योकम आपली खिडकी सोडून येऊन आमच्या मागे उभा राहिला.

दुबळा मानलेला संघ सरळ जिंकला. गुणांची गरजच पडली नाही. हार्लनने आरोळी ठोकली, मला मिठी मारली, योकमलाही मारली, आणि पावती आर्व्हेलाच्या नाकासमोर नाचवली.

"नाही म्हणालात! नाही म्हणालात ना! घ्या आता!"

"अभिनंदन," ती म्हणाली. "तरीही नाहीच होतं ते."

"जिंकला असतात!"

"जिंकले असते. आणि तरीही चूक असती. तुला नाही कळायचं, जा, पैसे घेऊन ये आणि सगळ्यांना सफरचंदाचा पाय खाऊ घाल."

घाट उतरताना त्याचे मागचे दिवे आमच्यापुढे डुलत होते आणि तो मधूनच आनंदाने हॉर्न वाजवत होता. आर्व्हेलाने मांडीवर त्या सफरचंदाच्या पायचा उरलेला तुकडा कागदात धरला होता, मुलीसाठी. "त्या मॅब्रीला अजून तीन वर्षं आहेत कॉलेजात," ती म्हणाली. "उन्हाळ्यात त्याच्या फिल्म मागवते. टीव्हीला ती कसली वायर लागते, बेन्यातला विचार."

"बेन्यात टीव्हीला हात लावू देणार नाही."

"देईल," ती म्हणाली. "आणि वळणावर गिअर कमी कर गं, ब्रेक दाबू नकोस. बर्फ आहे."